वेगाला वेसण : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे ब्रेक

१९४८ च्या ऑक्टोबरात लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या मोटार-प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने आपली एक्सके १२० ही दोन आसनांची मोटार प्रथम मांडली, तेव्हा प्रेक्षकांची दृष्टी तिच्या लांब, निमुळत्या देहावर खिळून राहिली. नावातला १२० हा आकडा ताशी मैलांचा होता, आणि तो पोकळ नव्हता. पुढल्याच वर्षी मे महिन्यात बेल्जममधील याब्बेके येथील सरळ रस्त्यावर या जातीच्या मोटारीने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग नोंदविला. एवढ्या वेगाने धावणारी मोटार थांबवावयाची कशी, हा प्रश्न मात्र त्या कौतुकाच्या गर्दीत फारसा कोणी विचारला नाही. तो प्रश्न ही मोटार बाळगणाऱ्याला आजही सुटलेला नसतो.

या मोटारीच्या चारही चाकांना बारा इंची ड्रम होते. ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने ते पसरतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रमच्या फिरण्याला सन्मुख असलेला शू त्या फिरण्याबरोबर ओढला जातो आणि आपोआप अधिक घट्ट बसतो. म्हणजे चालकाच्या पायाला चाकाचेच बळ साहाय्य करते. ही सोय मोठी खरी; पण उसन्या बळाचा भरवसा किती धरावा? घर्षण थोडे कमी झाले की हे साहाय्यही आटते, आणि ब्रेकची शक्ती थोडकी नव्हे, झपाट्याने ओसरते.

घर्षण कमी होते ते उष्णतेमुळे. ब्रेक गती नाहीशी करीत नाही. तिची उष्णता करतो, एवढेच. सुमारे १,३०० किलोग्रॅम वजनाची ही मोटार ताशी १६० किलोमीटरवरून एकदा थांबविली, तर बहुतेक सगळी गती ब्रेकमध्ये उष्णतारूपाने उतरते, आणि तेवढ्या उष्णतेत जवळजवळ पावणेचार लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. वेग निम्मा असता, तर उष्णता एक चतुर्थांशच झाली असती. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर सरतो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. लाइनिंग तापून गुळगुळीत होते, ते वेगळेच. बेळगावाहून गोव्याकडे घाट उतरताना मालमोटारीमागून येणारा तो करपट वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एक्सके १२० च्या बाबतीत रूपही आड आले. पोलादी चाके आणि मागील चाकांवरची ती देखणी झाकणे यांमुळे ड्रमपर्यंत वारा नीट पोहोचतच नसे. आऱ्यांची चाके आली, झाकणे गेली, तेव्हा ड्रमांना जरा श्वास घेता आला.

यावरील उपाय त्याच कारखान्याने शर्यतीच्या मैदानावर शोधला. डिस्क ब्रेकची कल्पना काही नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते, आणि पुढे विमानांच्या चाकांवर ती चांगली रुळली होती. सायकलीच्या ब्रेकचे रबरी ठोकळे धाव दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, तसेच येथे दोन पॅड लोखंडी तबकडीला धरतात. तबकडी उघडी असल्यामुळे ती वाऱ्याने निवते. तापून जाड झाली तरी पॅडकडेच सरकते, दूर जात नाही. डनलॉप कंपनीच्या साहाय्याने जॅग्वारने हे ब्रेक आपल्या सी-टाइप मोटारीला बसविले. १९५२ च्या मे महिन्यात इटलीतील मिल्ले मील्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस ही मोटार घेऊन उतरले. ती शर्यत पुरी झाली नाही. पण जूनमध्ये फ्रान्समधील रँस येथे मॉसने याच ब्रेकांच्या बळावर विजय मिळविला. १९५३ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तर सी-टाइप मोटारी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या विजयी मोटारीचा सरासरी वेग ताशी १०५ मैलांहून अधिक भरला. त्या शर्यतीत शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. फेरारीची इंजिने अधिक मोठी होती. फरक पडला तो वळणाच्या तोंडाशी. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी जॅग्वारचा चालक प्रतिस्पर्ध्यापेक्षा उशिरा ब्रेक लावी, आणि रात्र उलटून गेल्यावरही त्याला तसे करता येई.

१९५६ साली ट्रायम्फ टीआर ३ च्या पुढील चाकांना आणि १९५७ साली जॅग्वार एक्सके १५० च्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. साहजिकच एक्सके १२० च्या मालकाला वाटते की धाकट्या बहिणीचा दागिना थोरलीला का घालू नये? ब्रिटनमध्ये त्यासाठी तयार संच मिळतात. पण येथेच घाई नडते.

पहिली अडचण पेडलाची. डिस्कमध्ये शूसारखे आपोआप घट्ट बसणे नाही. सगळा दाब चालकाच्या पायानेच द्यावा लागतो. म्हणून नवे ब्रेक बसवून पहिल्यांदा रस्त्यावर गेलेला मालक कित्येकदा घाबरून परततो. पेडल दगडासारखे लागते. इंजिनाच्या निर्वाताचा उपयोग करणारा सर्व्हो जोडावा लागतो, किंवा मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. सिलिंडर बारीक घेतला तर दाब वाढतो, पण पेडल लांबवर जाते. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ड्रमसाठी बनविलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडासा दाब कायम राखणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड तबकडी सोडीतच नाहीत. चार-पाच मैलांत तबकडी लाल होते, तेल उकळते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. सुरक्षिततेसाठी केलेला बदलच असा घातक ठरतो.

तिसरी गोष्ट समतोलाची. ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढील चाकांवर येतो आणि मागील चाके हलकी होतात. हलके चाक आधी अडकले की मोटार गरकन फिरते. म्हणून पुढे डिस्क आणि मागे मूळचेच ड्रम ही जोडी पुष्कळदा चारही डिस्कांपेक्षा शहाणपणाची ठरते. हँडब्रेकही जागच्या जागी राहतो. जुनी मोटार एकाच नळी-जाळ्यावर चालते, एक होज फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी जाळे सक्तीचे झाले, ते उगीच नव्हे. मास्टर सिलिंडर बदलावयाचाच असेल, तर दुहेरी का घेऊ नये? आणि मोटार थांबविणारे शेवटी टायरच. ते दहा-पंधरा वर्षांचे, कडक झालेले असतील, तर त्यांच्यापुढे कोणताही ब्रेक हतबल आहे.

तेव्हा मोटार केवळ रविवारच्या सकाळी निवांत रस्त्याने फिरावयाची असेल, तर आधी मूळचे ड्रमच नीट करून पाहावेत. अंडाकृती झालेले ड्रम लेथवर गोल करून घ्यावेत, मर्यादेबाहेर झिजले असतील तर टाकून द्यावेत. लाइनिंगला ड्रमच्या गोलाईनुसार घासून बसवावे. सगळ्या रबरी होज आणि ओलावा शोषून बसलेले तेल बदलावे. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्यानेच टिपावी. इतके केल्यावर कित्येक मालकांचा डिस्कचा आग्रह मावळतो. परंतु मोटार दाटीच्या रस्त्यावर न्यावयाची असेल, पुढे चाललेली आधुनिक गाडी क्षणात जागच्या जागी थांबत असेल, आणि दोहोंच्या मध्ये एखादे शाळकरी पोर सापडण्याचा संभव असेल, तर मूळ रूपाचा अभिमान बाजूस ठेवणेच योग्य. काढलेले सुटे भाग तेल लावून पेटीत ठेवावेत. पुढच्या मालकाला ते हवे असतील.

बदल झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर आणि बेताच्या वेगाने घ्यावी. मोटार सरळ रेषेत थांबते की एका अंगाला ओढते, हे पाहावे. मग थोडा थोडा दाब वाढवून मागील चाके आधी अडकत नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. घरी परतताना शेवटचा अर्धा मैल ब्रेक न लावता मोटार हळूहळू आणावी, आणि उतरल्यावर चारही चाकांच्या तुंब्याजवळ हात धरून पाहावा. एखादे चाक आपल्या जोडीदारापेक्षा बरेच अधिक तापलेले असेल, तर तेथे ब्रेक सुटत नाही, असे समजून ते त्याच दिवशी उघडावे.