मयालीचा आवाज



आजच्या विषयाची सुरुवात एका आवाजापासून करतो. पोंभुर्ण्यातलं आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं आणि सागाच्या खांबांचं. दरवर्षी मृग लागायच्या आधी गावातले म्हातारे वाढई घरी यायचे. हातात वाकस असायचा. तो उलटा धरून त्याच्या पाठीने ते ओसरीतला एकेक खांब ठोकायचे. आधी पायाशी, मग कमरेच्या उंचीवर, मग हात पुरेल तिथवर. खांब 'टण्' असा बोलायचा, घाटी वाजावी तसा. एका वर्षी मात्र कोपऱ्यातला खांब ठोकला आणि आवाज आला 'बद्द'. वाढई थांबले. पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. आजोबांकडे वळून म्हणाले, "हा खांब आतून गेला जी."

तो खांब का गेला आणि बाकीचे का टिकले, याचं उत्तर नीट समजलं की जाड इमारती लाकूड उघडं ठेवून घर कसं बांधतात हे निम्मं समजलं. आज त्याविषयीच बोलायचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या आपल्यासाठी हा घरचा विषय आहे.

आधी अशा घराचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा. भिंती मातीच्या असतात, पण छपराचा भार त्यांच्यावर नसतो. तो लाकडावर असतो. जमिनीवर एक घडीव दगड, त्याला तळखडा म्हणतात. त्यावर खांब. खांबाच्या डोक्यावर एक आडवा तुकडा, तो हस्त. हस्तावर मयाल, म्हणजे घराची मुख्य तुळई. मयालीवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बांबू, त्यावर माती आणि माळा. यातला एकही भाग झाकलेला नसतो. ओसरीत खाटेवर पडून वर पाहिलं की घर कशावर उभं आहे, ते दिसतं.

या प्रत्येक भागामागे विचार आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी समजा. मोळी उभी धरून वरून दाबली तर ती सहज दबत नाही. आडवी ठेवून दाबली तर नळ्या चेपतात. म्हणून खांब उभ्या रेषांचा असतो आणि फार मोठा भार पेलतो. पण त्याच्या डोक्यावर मयाल आडवी बसते, तिथे तिच्या नळ्या चेपण्याची भीती असते. हस्त तिथे मदतीला येतो. तो भार रुंद जागेवर पसरवतो आणि दोन खांबांमधलं मयालीचं मोकळं अंतरही कमी करतो. त्यावर केळफूल कोरलेलं असतं म्हणून आपण त्याला नक्षी समजतो, पण काम तो भाराचंच करतो.

मयाल नेहमी उभ्या अंगाने ठेवतात, चपटी नाही. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर तिची ताकद चौपट होते आणि वाकणं आठ पटींनी कमी होतं. हा हिशेब आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आपल्या वाढयांना तो हाताने ठाऊक होता.

आता प्रश्न येतो, असं उघडं लाकूड टिकतं किती? लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात कधी गेलात, तर चैत्यगृहात उभं राहून वर बघा. खडकात कोरलेल्या कमानदार छताला सागाच्या वाकवलेल्या फासळ्या बसवल्या आहेत. त्या सुमारे 2000 वर्षांच्या आहेत. शेजारच्या भाज्याच्या लेण्यातही तशाच फासळ्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. खडकाच्या छताला या लाकडाच्या आधाराची गरज नव्हती. पण ते कारागीर लाकडी इमारती बांधणाऱ्यांच्या परंपरेतले होते, छत म्हटलं की त्यांना फासळ्या हव्याच वाटल्या. भाज्याचे दगडी खांबसुद्धा आत झुकलेले आहेत, लाकडी खांब बाहेरचा रेटा सोसायला झुकवतात तसे. सह्याद्रीतल्या पावसात या फासळ्या कशा राहिल्या? वर खडकाचं छत आहे, खाली वारा खेळतो, आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पाण्यातलं उदाहरणही सांगतो. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी इंग्रजांच्या आरमारासाठी मलबारी सागाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज बांधलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न आवडणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो असा चिवट आहे. ही द्रव्यं गाभ्यात असतात, सालीलगतच्या पांढऱ्या भागात नाहीत. म्हणून ओंडका घेताना पांढरा भाग किती आहे ते पाहायचं. उधई लागते ती तिथूनच.

मग आमच्या घरचा कोपऱ्यातला खांब का गेला? तोही सागाचाच होता, त्याच जंगलातला, त्याच वर्षी उभा केलेला. पण काही वर्षांआधी घर जरा पक्कं दिसावं म्हणून आम्ही एका गवंड्याकडून त्या कोपऱ्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, खांबासकट. दिसायला छान झालं. वर कुठेतरी एक कवेलू सरकलं आणि पाणी खांबाच्या अंगाने गिलाव्याच्या आत उतरलं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती. दोन-तीन पावसाळे ते तिथेच मुरलं. बाहेरून रंग शाबूत होता. वाढयांनी गिलावा फोडला तेव्हा खालचं दीड हात लाकूड बोटाने उकरता येत होतं. ते म्हणाले, "लाकडाले हवा पायजे जी. कोंडलं का मेलं."

त्या एका वाक्यात बुरशीचं शास्त्र आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला भरपूर ओल लागते. लाकडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून कमी ओल असेल तर ती वाढत नाही. उघडं लाकूड पावसाळ्यात भिजलं तरी वाऱ्याने वाळतं. झाकलेलं वाळत नाही. शिवाय उघड्या लाकडाचं दुखणं दिसतं. उधईची मातीची रेघ खांबावर चढली की झाडणाऱ्या बाईच्या नजरेला पडते. गिलाव्याच्या आत ती वर छपरापर्यंत गेली तरी कुणाला कळत नाही.

वाढयांनी तो खांब काढून टाकला नाही. मयालीला टेकू दिला, कुजलेला भाग कापला, सागाचा नवा तुकडा तिरक्या जोडाने बसवला, आरपार लाकडी मेखा मारल्या आणि खाली तळखडा पुन्हा उंच केला. एका दिवसाचं काम. घराचा एक अवयव बदलला, घर तेच राहिलं.

आता आगीचं बोलू, कारण लाकडाचं घर म्हटलं की ती भीती पहिली येते आणि ती खोटी नाही. पुण्याचा शनिवारवाडा सागाचा होता. 1828 च्या आगीत तो सात दिवस जळत राहिला. आपल्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूची इमारत 2022 मध्ये आगीत गेली. लाकूड जळतं. पण बारीक लाकूड आणि जाड लाकूड यांच्या जळण्यात मोठा फरक आहे. चूल पेटवताना आपण ओंडक्याला काडी लावत नाही, काटक्यांना लावतो. बांबू आतून पोकळ, फळी पातळ, त्यांना आग चहूकडून धरते. जाड मयाल पेटली की आधी तिच्या अंगावर कोळशाचा थर येतो आणि तो थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जाड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत जळतं. म्हणजे 25 सेंटिमीटर जाडीचा खांब चारी बाजूंनी अर्धा तास जळला, तरी मधला सुमारे 21 सेंटिमीटर गाभा भार पेलत उभा असतो. उघड्या लोखंडाला 550 ते 600 अंशांवर निम्मी ताकद गमवावी लागते आणि ते वाकायला लागतं. म्हणून जगभरात जाड लाकडाची इमारत आखताना जळून जाणारा थर हिशेबात धरून खांब तेवढा जास्त जाड घेतात. घरातली माणसं बाहेर पडायला वेळ मिळावा, यासाठी ही जाडी असते. चुलीजवळची भिंत मातीची ठेवणं आणि जुनी वायर लाकडावरून न नेणं, ही काळजी मात्र आपलीच.

श्रोतेहो, सागाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचं लाकूड 29 मार्च 2023 ला बल्लारपूरहून वाजतगाजत निघालं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनातलं सागवानही विदर्भातलं. जगाला हवं असलेलं लाकूड आपल्या दारात वाढतं. आणि त्याच वर्षांत आपल्या गावांत जुनी घरं पाडली जात आहेत, त्यांचे खांब आणि मयाली मिळेल त्या भावात विकल्या जात आहेत. त्या जागी स्लॅब येतो. गळकं छप्पर आणि उंदीर-सापांची भीती ज्यांनी सोसली, त्यांना पक्कं घर हवं वाटणं स्वाभाविक आहे. घरकुलात सुरक्षितपणे झोपणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा स्लॅबखालची रात्र आणि माळ्याखालची रात्र यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, लाकूड वापरा म्हणता, मग जंगलाचं काय? प्रश्न रास्त आहे. या काळजीपोटीच 1993 पासून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारतींत लाकडावर बंदी होती. ती 2020 मध्ये उठली. जपून वाढवलेल्या झाडाचं लाकूड वापरणं सिमेंट आणि लोखंडापेक्षा हवामानाला सोसणारं आहे, हे आता मानलं जातं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. सागाचा एक घनमीटर घरात बसला, तर हवेतला सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड तिथे कोंडून राहतो, घर उभं असेल तोवर. अट एवढीच की तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढलं पाहिजे आणि काही झाडांना कुऱ्हाड लागताच कामा नये. आलापल्लीचं 'वनवैभव' हे जंगल 2014 पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथले उंच साग तसेच उभे राहावेत. घरासाठी लाकूड घ्यायचं ते शासकीय आगारातून, शिक्का असलेलं आणि वाहतूक पासासह.

त्याहून चांगलं म्हणजे जुनं लाकूड वापरणं. पन्नास-शंभर वर्षं छपराखाली राहिलेली मयाल पूर्ण वाळलेली असते. तिला जे आकसायचं, तडकायचं होतं ते होऊन गेलेलं असतं. लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगा बघून घाबरू नका. वाळताना जाड लाकूड बाहेरून आधी आकसतं, त्या भेगा त्याच्या. खांबाच्या ताकदीत त्यांनी फारसा फरक पडत नाही. जोडाच्या जागी किंवा आडवी भेग दिसली, तर मात्र जाणत्याला दाखवा.

नव्या घरात हे बसतं का? बसतं. पाया आणि न्हाणीघर सिमेंटचं करा, ओसरी आणि माळा लाकडावर घ्या. खांब जमिनीत गाडू नका, वीतभर उंच दगडावर ठेवा. छपराची वळचण हातभर पुढे काढा, म्हणजे पावसाचं पाणी खांबाला शिवणार नाही. ऑइल पेंटचा जाड थर देऊ नका. आपल्या शेतातल्या जवसाचं तेल पातळ करून चोळा, ते लाकडात मुरतं आणि लाकूड श्वास घेत राहतं. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आणि मोठ्या खोलीची मयाल ठरवण्याआधी अभियंत्याकडून मोजून घ्या.

जगात तर जाड लाकडाच्या याच विचारावर उंच इमारती उभ्या राहिल्या. नॉर्वेत 2019 मध्ये 18 मजल्यांची, 85 मीटर उंचीची लाकडी इमारत झाली. तिचे प्रचंड खांब एकेका झाडाचे नाहीत. लहान फळ्या गोंदाने एकावर एक दाबून ते घडवले आहेत. आपल्या रोपवनांत विरळणी करताना बारीक साग निघतो, त्याला भाव कमी मिळतो. त्यातून असे खांब आपल्या जिल्ह्यात घडावेत आणि आयटीआय शिकलेल्या आपल्या मुलांनी ते घडवावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आपलं लाकूड दूरच्या दारांना शोभा देतं, याचा अभिमान आहेच. त्याने आपली छपरंही पेलावीत.

आमच्या घरचा तो जोड दिलेला खांब आजही उभा आहे. नव्या-जुन्या लाकडाचा रंग एक झाला, तिरकी रेघ मात्र दिसते. ते वाढई आता नाहीत. मृगाच्या आधी मीच खांब ठोकतो. तुमच्या गावात कुणी जुनं घर पाडायला काढलं असेल, तर आधी एकदा तिथे जा. लाकडी हातोडी घ्या, मयालीवर ठोका आणि कान द्या. ती 'टण्' बोलली, तर ती अजून एक घर पेलू शकते.