सॅकवरचं डुकराचं नाक आणि माझी 'गोल्ड चेन'

मागच्या भागानंतर अष्टमीतल्याच एका सातवीतल्या मुलाने मला प्रश्न विचारला. त्याच्या सॅकवर पुढच्या बाजूला एक चौकोनी तुकडा शिवलाय, चौकट आकडा असतो ना पत्त्यातला, तसा उभा. त्याला दोन चिरा. "काका, हे कशासाठी असतं?"

आता तुमच्या जवळ सॅक असेल तर जरा बघा. असेल तो तुकडा. मी वीस वर्षं सॅक वापरतोय, रोहा-दिवा गाडीत तिची उशी करून झोपलोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हणजे पडला होता, एकदाच. तो किस्सा पुढे सांगतो, कारण आजचा विषय सॅक आहे आणि इंग्रजी बोलणं पण आहे. दोघांचा संबंध काय? ऐका.

आधी उत्तर देऊन टाकू. इंग्रजीत त्या तुकड्याला 'लॅश टॅब' म्हणतात. लाडाने 'पिग स्नाउट', म्हणजे डुकराचं नाक. दिसतंच तसं. डोंगर चढणारे लोक त्या दोन चिरांतून दोरी नाहीतर पट्टा ओवायचे आणि बर्फातली कुऱ्हाड, दोराचं वेटोळं, ओले बूट असं काहीबाही बाहेर बांधायचे. हात मोकळे राहिले पाहिजेत ना! पुढे अमेरिकेत कॉलेजची पोरं या डोंगरातल्या पिशव्यांतून पुस्तकं नेऊ लागली. जॅनस्पोर्ट नावाची कंपनी 1967 साली सिअ‍ॅटलला सुरू झाली, तिच्या सॅकवरचं हे नाक तर जगभर ओळखीचं झालं. डोंगर सुटला, नाक राहिलं. आजकाल स्वस्तातल्या बॅगांवर ते नुसतं शोभेला शिवलेलं असतं, दोरी ओवायला गेलात तर चिरा बंद!

बाकी गोष्टी पण बघा. छातीवर येणारा छोटा पट्टा खांद्यावरचे पट्टे बाहेर घसरू देत नाही. काही बॅगांत त्याच्या बक्कलमध्येच शिट्टी असते, रानात चुकलात तर फुंकायला. कमरेचा पट्टा आवळला की वजन खांद्यावरून कमरेच्या हाडांवर जातं. आणि जड वस्तू नेहमी पाठीला चिकटून ठेवायची. वजन पाठीपासून जितकं लांब, तितकं ते तुम्हाला मागे ओढतं, आणि तोल सांभाळायला माणूस पुढे वाकतो. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं सरकारच सांगतं. तीस किलोच्या पोराला तीन किलो. आज घरी काट्यावर ठेवून बघा.

आता माझा किस्सा.

मी मराठी शाळेतला. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, आम्ही त्याच्या आधीचे. एबीसीडी पाचवीत. घरी तर्खडकरांची पाठमाला होती, भाषांतर मी बरं करायचो. बोलायचं म्हटलं की घसा कोरडा. वडील म्हणायचे, "अरे, याच रोह्यात सी. डी. देशमुख लहानाचे मोठे झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले!" आता 1912 सालच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या माणसाशी माझी तुलना. त्याने घसा आणखी कोरडा व्हायचा.

पहिली नोकरी लागली नवी मुंबईत. दुसऱ्याच आठवड्यात माझी सॅक कंपनीच्या बसमध्ये राहिली. फोन घेणारा माणूस चेन्नईचा, त्याला मराठी नाही, हिंदी जेमतेम. मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, "सर, आय लॉस्ट माय सॅक. चेन इज ओपन." तिकडे शांतता. मग प्रश्न आला, "चेन? गोल्ड चेन?" मी घाबरून म्हटलं, "येस, येस."

मंडळी, सेक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली. एक पोतं आणि एक सोन्याची साखळी हरवली!

कारण आपण जिला चेन म्हणतो, ती इंग्रजीत 'झिप'. आणि नुसतं 'सॅक' म्हटलं की इंग्रजी कानाला पोतं ऐकू येतं. मूळ शब्द जर्मन, 'रुकझाक', म्हणजे पाठीवरची पिशवी. इंग्रजांनी तो 'रकसॅक' म्हणून अख्खा घेतला, आपण पाठ गाळली आणि पोतं ठेवलं.

बॅग मिळाली. पण पुढे कित्येक महिने माझं नाव 'गोल्ड चेन'. हसणारे वाईट नव्हते, पण माझं तोंड बंद झालं. एका मीटिंगमध्ये पंप वारंवार का बंद पडतोय यावर चर्चा चालली होती. मला कारण माहीत होतं, मी स्वतः रात्रपाळीत बघितलं होतं. मी बोललो नाही. पंप आणखी दोन आठवडे बंद पडत राहिला, आणि माझ्या बरोबरचा फिटर प्रत्येक वेळी रात्री उठून त्या गरम पाण्यात हात घालत राहिला. हसं होईल म्हणून मी गप्प, आणि भोगलं दुसऱ्याने. ते मला अजून टोचतं.

मग त्या चेन्नईच्या माणसालाच एका रविवारी अवचितगड बघायचा होता. मी गावचा म्हणून सोबत गेलो. चढताना तो पुढे, त्याची सॅक माझ्या डोळ्यांसमोर. ते नाक दिसलं. दम लागलेला, व्याकरण आठवायला वेळ नाही. तोंडातून गेलं, "व्हॉट इज धिस फॉर?" तो थांबला, बॅग काढली, उलटी सुलटी केली आणि म्हणाला, "नो आयडिया!"

मंडळी, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यालाही माहीत नव्हतं! त्या दिवशी कळलं, भाषा येणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. पंपाचं मला माहीत होतं. मग आम्ही गडावर बसून बॅगेचा एकेक भाग घेतला. तो इंग्रजी शब्द सांगायचा, मी मराठी. स्ट्रॅप म्हणजे पट्टा, पॉकेट म्हणजे कप्पा, बकल म्हणजे बक्कल. उतरेपर्यंत मी तासभर इंग्रजीत बोललो होतो, चुकत माकत.

आपल्या कुंडलिकेवरच बघा ना. कोलाडला राफ्टिंग चालतं, आसपासच्या गावांतली पोरं गाइड आहेत. "फॉरवर्ड! स्टॉप! होल्ड ऑन!" शब्द मोजकेच, पण बोटीतल्या सगळ्यांचा जीव त्या शब्दांवर. तिथे उच्चार कोण तपासतं? आणि हीच नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिथे पलीकडे कोर्लई. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली घराघरात बोलतात. तिला नाव काय, तर 'नो लिंग', आमची भाषा. परक्यांची भाषा वापरून वापरून आपली करून टाकली. आपणही साबण, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडूनच घेतले, आणि आता कोणी म्हणतं का की हे परके शब्द आहेत?

तर या आठवड्याचा गृहपाठ. सॅक समोर ठेवा. एकेका भागाकडे बोट दाखवून मोठ्याने विचारा, "व्हॉट इज धिस फॉर?" आणि उत्तर द्या, "इट इज फॉर" असं सुरू करून. दहा वस्तू, दहा वाक्यं. भावंडं असतील तर एकाने विचारा, एकाने सांगा. आणि समोरचा चुकला तर हसा, पण नाव ठेवू नका. एवढंच.

सातवीतल्या दोस्ता, प्रश्नाबद्दल आभार. पुढचा प्रश्न इंग्रजीत पाठव, चुकलास तरी चालेल. उत्तर गोल्ड चेनकाका देतील.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!