समान कामाचे समान दाम

(चारकोप येथे कामगारांपुढे केलेले भाषण)



कांदिवलीच्या पश्चिमेस असलेल्या या चारकोपमध्ये शासकीय औद्योगिक वसाहत आहे आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून वसलेली हजारो घरेही आहेत. घर आणि कारखाना यांमध्ये येथे फारसे अंतर नाही. अंतर उरते ते बहुधा वेतनाच्या पाकिटात. वेष्टन, जुळणी, तपासणी ही कामे स्त्रियांची व यंत्रावरची कामे पुरुषांची, अशी विभागणी लहान कारखान्यांत सहज रूढ होते. आणि स्त्रिया करतात म्हणून ते काम हलके, हलके म्हणून त्याचे दामही कमी, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब मुंबईतच न्यायालयाच्या कसोटीस लागला आहे. औषधे तयार करणाऱ्या एका कंपनीच्या वेष्टन विभागात विवाह होताच स्त्री कामगाराची नोकरी संपत असे. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात व सांघिक कामात खंड पडतो, असे कंपनीचे म्हणणे होते. ते अमान्य करून सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती अट रद्द ठरविली.

दुसरा खटला मॅकिनन मॅकेंझी कंपनीचा. तेथील लघुलेखिका ऑड्री डी'कॉस्टा यांची सेवा जून १९७७ मध्ये संपुष्टात आली. पुरुष लघुलेखकांपेक्षा आपणांस कमी वेतन मिळाले, असा दावा त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्यान्वये केला. अपिलात त्यांना ७,१९६ रुपये ६७ पैसे देय ठरले. रक्कम लहान, पण कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. संघटनेशी करार झाला आहे, ऐपत नाही, या सबबी मार्च १९८७ मध्ये तेथे टिकल्या नाहीत. बारीकसारीक फरक न काढता कामाचे स्वरूप व्यापक दृष्टीने पाहावे. विशिष्ट जागी केवळ स्त्रियाच असतील, तर व्यवस्थापनानेच त्यांना तेथे नेमले आहे, असे न्यायालयाने बजावले.

आज १९७६ च्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. एकाच आस्थापनेत सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावरून वेतनात फरक करता येत नाही. कायद्यानेच स्त्रियांना मनाई वा मर्यादा असलेली कामे वगळता, भरतीतही भेद करता येत नाही. बंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन घटविण्यास ही संहिता परवानगी देत नाही. भगिनीचा हक्क भावाच्या ताटातून काढून द्यावयाचा नाही.

परंतु कायदा आपल्या पायांनी कारखान्यात येत नाही. वेतनचिठ्ठी मागून घ्यावी व जपून ठेवावी. हुद्द्याचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, हे टिपून ठेवावे. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा. तो कामगाराला स्वतः करता येतो, तसा संघटनेमार्फतही करता येतो.

संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदाने १९५० मध्येच समान कामाला समान वेतन हे राज्याचे धोरण असावे, असे सांगितले. धोरणाचा कायदा झाला, कायद्यावर निवाडेही झाले. आता त्यांची नोंद पगारपत्रकात व्हावयास हवी.