माघार म्हणजे पळ नव्हे
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी बुद्धिबळ स्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



कमिटीने दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी बँकेतला माणूस, दोनाचे चार होतील. पण मुदतीच्या आत आवरतो.

बुद्धिबळाच्या पटावर मागे न जाणारं एकच असतं, ते म्हणजे प्यादं. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा या सगळ्यांना मागे यायची मुभा आहे. किल्लेकोट करतो तेव्हा तर राजालाच कोपऱ्यात नेऊन लपवतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मग हत्ती मागे घेतला तर का म्हणावं?

हे बोलायला कारण आहे. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत आपल्याकडच्या एका आजोबांचा डाव सातवीतल्या मुलाशी होता. मुलाकडे एक प्यादं जास्त होतं. आजोबांनी हत्ती मागे आणला आणि त्याच दोन घरांत फिरवत ठेवला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, आजोबांनी मागणी केली आणि पंचांनी डाव बरोबरीत सोडवला. "आजोबा पळत होते," असं मुलगा म्हणाला. पुढे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठी माणसंच भांडली. यंदाच्या यादीत त्या दोघांचंही नाव नाही. मला हे लागलं, म्हणून बोलतो.

शिरूरची घोड नदी ज्या भीमेला मिळते, त्याच भीमेच्या काठी दौंडजवळ पेडगाव आहे. तिथल्या बहादूरगडावर मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्याच पावसाळ्यात मराठ्यांचे सुमारे दोन हजार स्वार छावणीच्या दिशेने आले आणि मागे फिरले. खान त्यांच्या पाठलागावर लांब गेला. इकडे सुमारे सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीने छावणी लुटली. एक कोटीचा खजिना आणि दोनशे उत्तम घोडे हाती लागले. आता सांगा, ते दोन हजार पळाले का? आपल्या उंबऱ्याशी घडलेली ही गोष्ट पोरांना माहीत हवी.

बुद्धिबळातही तेच. तिग्रान पेट्रोस्यान १९६३ साली जगज्जेता झाला, तो बचावाच्या जोरावर नाव कमावलेला खेळाडू.

पण कोणी म्हणेल, पेडगावला मागे जाण्यात डाव होता. आजोबांच्या मागे जाण्यात काय होतं? त्यात हरणारा डाव वाचवणं होतं, आणि तेही खेळच आहे. शिवाय तीच स्थिती तीनदा यायला दोघं लागतात. एकटा हत्ती फिरवून ती येत नाही. समोरच्यानेही त्याच चाली परत केलेल्या असतात. ज्याला जिंकायचं आहे त्याने वाट बदलायची. आणि कोणी नुसतंच टोलवत बसू नये म्हणून नियमही आहे: दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही, एकही मारामारी झाली नाही, तर कोणीही बरोबरी मागू शकतो.

मराठीत 'मागे घेणं' दोन प्रकारचं आहे, तिथे आपला घोळ होतो. मोहरा मागे घेणं ही चाल आहे. केलेली चाल मागे घेणं हा मात्र लबाडपणा. तसंच, हरलो असं दिसल्यावर हात मिळवून डाव सोडणं सभ्यपणाचं. हात न मिळवता पट विस्कटून उठणं, हा खरा पळ. बँकेतही आम्ही हेच पाहिलं. अडचणीतला कर्जदार समोर येऊन हप्ते लांबवून मागतो, तो मागे सरतो. जो फोन उचलत नाही, तो पळतो.

म्हणून यंदा तीन नियम फळ्यावर लिहून लावले आहेत. हात लावलेला मोहरा खेळावाच लागेल. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येईल. प्रत्येक डाव घड्याळ लावून होईल, म्हणजे वेळकाढूपणाचा भुर्दंड ज्याचा त्याला बसेल. निकाल पंचांचा, ग्रुपचा नाही.

नावनोंदणी उद्या संध्याकाळी सातपर्यंत क्लब हाऊसमध्ये सुरू आहे. मी यादीत दोन जागा रिकाम्या ठेवायला सांगितल्या आहेत. कोणासाठी, ते त्या दोघांना कळलं असेल.