लहान विमान बांधताना



ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे एचटीटी-४० या शिकाऊ विमानाच्या दुसऱ्या उत्पादनमालिकेचे उद्घाटन झाले. तेथे काम करण्याची ज्यांना उमेद आहे, त्यांनी आधी एक लहान विमान स्वतःच्या हातांनी बांधून पाहावे.

मी 'ज्युनिअर ६०' सुचवितो. हा इंग्लंडातील १९४६ सालचा जुना नमुना. पंख ६० इंचांचा, म्हणजे ५ फुटी. मुळात तो रेडिओवाचून मोकळा सोडीत, म्हणून आपला तोल आपणच सावरतो. पंखाची टोके वर उचललेली असतात. विमान कलून घसरू लागले की खालच्या बाजूला उचल अधिक मिळते व ते सरळ होते. शिकाऊ हाताला हाच आधार.

नकाशा सपाट फळीवर पसरून बाल्साच्या पट्ट्या त्यावरच जोडाव्या. वाकडा सुकलेला पंख पुढे सरळ होत नाही. मग तोल तपासावा. पतंगाचा दोरा चुकीच्या जागी बांधला तर काय होते, हे संक्रांतीला आपण पाहतोच! नाक थोडे जड चालेल. शेपूट जड झाले की विमान ऐकत नाही.

विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते. माझे पहिले विमान याच गोंधळात बाभळीत अडकले. घरी बोलणी खाल्ली; पण पंख सांधतानाच त्याची रचना मला उमगली.

विमानतळाजवळ मात्र उडवू नका. आणि पालकहो, मोडके विमान घरी आले तर फेकू नका. मुलीने ब्लेड व गोंद मागितला तर तिलाही द्या.