जुनी गाडी : जपावी की जुंपावी?

आमच्या थोरल्या काकांची १९६८ सालची, मागे हौदा असलेली जीप गेल्या वर्षी माझ्याकडे आली. हौद्याला अजून गुळाचा वास आहे!

उद्यमनगरातले मिस्त्री म्हणाले, "सर, नवं डिझेल इंजिन बसवू, वाऱ्यासारखी पळंल." मोह झाला, खोटं कशाला बोला? ब्रेकचे लायनर नि वायरिंग लगेच बदलले. त्यात विचार कसला? इंजिनापाशी मात्र थांबलो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, घरगुती वापराची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचेच हवे. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक पाहायला आपण गर्दी करतो, पण तिच्यातून कुणी खत वाहत नाही!

इंजिन बदलायचे, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये आधी परवानगी घ्यावी लागते, आणि पुस्तकात तशी नोंदही. आमच्या धाकट्या बंधूंना शेतावर गाडी हवी आहे. अर्ज लिहून टेबलावर ठेवला आहे. सही अजून केलेली नाही.