नियंत्रण गटाचं काय झालं?



हिरड्यांच्या सुजेवरचा एखादा शोधनिबंध हाती आला, की आपली नजर आधी एकाच ठिकाणी जाते. नव्या ब्रशच्या किंवा नव्या पेस्टच्या गटात रक्त येणं किती टक्क्यांनी कमी झालं? आकडा मोठा दिसला की आपण प्रभावित होतो, लहान दिसला की पान उलटतो. त्या रकान्याला लागूनच दुसरा रकाना असतो, साधा ब्रश आणि साधी पेस्ट दिलेल्या नियंत्रण गटाचा. बहुतेक वेळा तिथलाही आकडा उतरलेला असतो, कधीकधी चांगलाच. आपण तो वजा करतो आणि उरलेल्या फरकाला 'परिणाम' म्हणतो. आज मला त्या वजा केलेल्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की गेल्या साठ वर्षांत साधनांच्या तुलना पुष्कळ झाल्या. पण हिरडी ज्याने खरोखर बरी होते, तो रोज त्याच जागी, पुरेसा वेळ, नीट फिरलेला हात आपण उपचार म्हणून फार कमी तपासला. नियंत्रण गटात तोच हात काम करत असतो, आणि त्यालाच आपण हिशोबातून बाहेर टाकतो.

मूळ पुरावा सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे, तरी तो पुन्हा नीट वाचण्यासारखा आहे. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना तोंडाची स्वच्छता पूर्ण थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू झाली आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नव्हतं, खास पेस्ट नव्हती. पुढे 1973 मध्ये लांग, कमिंग आणि लो यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना 12, 48, 72 आणि 96 तासांनी एकदा दात पूर्ण स्वच्छ करायला लावले. 48 तासांपर्यंतचे गट निरोगी राहिले, त्यापलीकडचे सुजले. म्हणजे दोन दिवसांत एकदाच, पण खरोखर पूर्ण सफाई झाली, तर हिरडी टिकते. आपले बहुतेक रुग्ण तर रोज ब्रश करतात आणि तरीही त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिवसातून किती वेळा घासता हा प्रश्न मागे पडतो. काय काय घासायचं राहून जातं, हा प्रश्न पुढे येतो.

काय राहतं ते तोंडात डोकावून पाहायला हवं. एरिथ्रोसिनची लाल गोळी चघळायला देऊन चूळ भरायला सांगितली, की पुढचे दात समोरून पांढरे निघतात. ब्रश तिथे रोज जोरात फिरलेला असतो, इतका की सुळ्याजवळची हिरडी खाली सरकू लागलेली दिसते. मग आरसा खालच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला न्यायचा. तिथे हिरडीच्या कडेला लागून लाल पट्टा दिसतो, अखंड, जणू त्या बाजूला ब्रश कधी पोचलाच नाही. दोन दाढांमधल्या फटीत तोच लाल रंग त्रिकोणासारखा बसलेला असतो. कडेवरून प्रोब हलकेच फिरवला की काही सेकंदांत रक्ताचा टिपूस येतो. ब्रशच्या एका फेरीत किती प्लाक निघतो याचा मोठा आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सरासरी 42 टक्के होती. निम्म्याहून अधिक थर ब्रश केल्यानंतरही जागेवर राहतो, आणि रुग्णाच्या मनात मात्र 'मी घासतो' हे शंभर टक्के खरं असतं. तो खोटं बोलत नाही. त्याच्या हाताला ती जागा माहीतच नाही.

आता साधनांकडे. विजेच्या ब्रशवर कॉक्रेनचा 2014 चा आढावा आहे, 56 चाचण्यांचा. तीन महिन्यांपलीकडे साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक 21 टक्के कमी, हिरड्यांची सूज 11 टक्के कमी. हा फायदा खरा आहे आणि ज्याला परवडतं त्याने तो जरूर घ्यावा. हाताला सांधेदुखी किंवा कंप असणाऱ्या वृद्धांसाठी तर मी तो आग्रहाने सुचवीन. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांचा 2017 चा आढावा 51 अभ्यासांवर उभा आहे. प्लाकवरचा परिणाम मोठा आहे आणि पुरावा भक्कम आहे. पण मूळ सूज सौम्य असेल तेव्हा 0 ते 3 च्या मापावर सुधारणा 0.21 इतकीच दिसते, आणि ती रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची नाही असं आढावाकारांनीच म्हटलं आहे. चार ते सहा आठवड्यांत दातांवर तपकिरी डाग येतात ते वेगळंच. आपण बाटली लिहून देतो तेव्हा रुग्णाचा समज असा होतो, की गुळणी केली म्हणजे घासण्यात थोडी सूट मिळाली. ही सूट त्याला कुठल्याच चाचणीने दिलेली नाही.

फ्लॉसचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. 2016 मध्ये अमेरिकेत एका वृत्तसंस्थेने फ्लॉसच्या बाजूचा पुरावा कमकुवत असल्याचं दाखवलं आणि जगभर 'फ्लॉस निरुपयोगी' असे मथळे झळकले. कॉक्रेनचा 2019 चा आढावा दातांमधल्या फटी साफ करणाऱ्या साधनांच्या 35 चाचण्या आणि 3,929 माणसं धरतो. फ्लॉसने आणि फटीत जाणाऱ्या छोट्या ब्रशने सूज कमी होत असावी, इतकंच तो म्हणतो. खात्री कमी, आणि मोजमाप बहुतांशी महिनाभराच्या टप्प्यावरचं. या निष्कर्षावरून दोऱ्याला दोष देणाऱ्यांनी 2006 चा एक जुना आढावा वाचावा. तो हिरड्यांचा नाही, दातांच्या किडीचा आहे, पण मुद्दा तोच आहे. शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने मुलांच्या दातांमधून दोरा फिरवला, तेव्हा फटींतली कीड 40 टक्क्यांनी घटली. किशोरवयीन मुलांनी स्वतः फिरवला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. दोरा तोच, धरणारा हात बदलला. पुरावा कमकुवत ठरतो तो साधनाचा नव्हे, साधन वापरायला शिकवण्याच्या आपल्या पद्धतीचा.

इथे जाणकार माणूस मला थांबवेल, आणि थांबवायलाच हवं. नियंत्रण गट सुधारतो याला सवयीचंच कारण कशावरून? चाचणीच्या सुरुवातीला दोन्ही गटांचं स्केलिंग झालेलं असतं. ज्यांच्या हिरड्यांतून जास्त रक्त येतं तेच निवडलेले असतात, आणि वाढलेल्या आकड्यावर निवड केली की दुसऱ्या मोजणीत तो आकडा आपोआप सरासरीकडे सरकतो. हे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. या सुधारणेचा किती वाटा सफाईचा, किती आकडेशास्त्राचा आणि किती हाताचा, हे आजच्या चाचण्यांतून सांगता येत नाही. पण सांगता येत नाही याचं कारण चाचण्यांची रचना आहे. केवळ सफाई करून काहीच न शिकवलेला तिसरा गट आपण क्वचितच ठेवतो. शिवाय नुसत्या स्केलिंगवर सगळा भार टाकता येत नाही. नियमित तपासणीला येणाऱ्या प्रौढांचं ठरावीक मुदतीने स्केलिंग केलं आणि न केलं, तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांत फारसा फरक पडत नाही, असं कॉक्रेनचा 2018 चा आढावा सांगतो.

तिसरा आक्षेप या दोन्हींहून जड आहे. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या 63 दवाखान्यांत, 1,877 प्रौढांवर, तीन वर्षांचा पाठपुरावा असलेली 'आयक्वाड' नावाची चाचणी झाली आणि 2018 मध्ये तिचा अहवाल आला. प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे दिलेला सल्ला आणि दवाखान्यातला नेहमीचा सल्ला, यांत हिरडीच्या कडेच्या रक्तस्रावात फरक दिसला नाही. मग शिकवणं हाच उपचार, या म्हणण्याला आधार काय उरला? मी या चाचणीला टाळत नाही, कारण माझ्या मते ती या विषयावरची सर्वात प्रामाणिक चाचणी आहे. ती दाखवते की सल्ल्याचे शब्द चांगले केले एवढ्याने हात बदलत नाही. त्या रुग्णांमध्ये गंभीर आजाराचे वगळलेले होते आणि नियमित येणारे होते, म्हणजे सुधारायला वावही कमी होता. पण मुख्य गोष्ट अशी, की सल्ला म्हणजे सवय नव्हे. पोहायला शिकवणारा काठावरून एकदा समजावून सांगतो आणि तीन वर्षांनी पाहायला येतो, असं कुठे होत नाही. हात धरून दाखवणं, आठवड्याने पुन्हा लाल गोळी देणं, चुकलेली जागा रुग्णाला स्वतःच्या आरशात बघायला लावणं, हे पुन्हा पुन्हा झालं तर काय होतं, याचं उत्तर त्या चाचणीत नाही.

त्या उत्तराच्या जवळ जाणारं काम स्वीडनमधल्या कार्लस्टाडचं आहे. अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 375 प्रौढांना सुरुवातीची दोन वर्षं दर दोन महिन्यांनी बोलावलं, शिकवलं, तपासलं, सफाई केली. तीस वर्षांनंतरच्या 2004 च्या अहवालात वयोगटानुसार सरासरी गमावलेले दात 0.4 ते 1.8 एवढेच होते. शिकवणं आणि सफाई तिथे एकत्र असल्यामुळे श्रेय वाटता येत नाही, हे मान्य. सूज असलेल्या प्रत्येकाचे दात जातात असंही नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या 480 मजुरांवरच्या अभ्यासात ब्रश कुणीच वापरत नव्हतं, सूज सगळ्यांना होती, तरी 11 टक्क्यांचा आजार सुजेपलीकडे गेला नाही. 81 टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला, 8 टक्क्यांचा झपाट्याने. पण ते 11 टक्के कोण, हे आधी ओळखण्याचा मार्ग दवाखान्यात आपल्याकडे नाही. म्हणून सूज प्रत्येकाचीच उतरवायची.

आता आपल्या माणसांकडे येतो. चाचणीत घेतला जाणारा रुग्ण कसा असतो? किमान 20 नैसर्गिक दात, मधुमेह नाही, तंबाखू नाही, अलीकडे अँटिबायोटिक नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांगेत बसलेल्यांपैकी या चाळणीतून किती जण जातील? महाराष्ट्रात आणि गोव्यात मशेरी लावणाऱ्या बायका आहेत. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घेऊन त्या दात आणि हिरड्यांवर चोळतात, आणि एकदा लत लागली की दिवसातून कित्येकदा. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली, तरी घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी पोचत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 21.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. मला यात एक गोष्ट सतत खटकते. या बायकांकडे दात घासण्याची सवय आहे. वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, बोट हिरडीच्या कडेवर फिरतं. आपण ज्या नियमितपणासाठी रुग्णांची मनधरणी करतो तो तिथे आयता आहे, आणि तो विषाच्या पुडीला बांधलेला आहे. ती सवय न मोडता त्यातली पूड कशी काढायची, हा हिरड्यांच्या संशोधनाचा विषय आहे. तंबाखू घेणारे म्हणून या बायकांना चाचणीबाहेर ठेवणं मला शास्त्र वाटत नाही.

'ब्रश केला की रक्त येतं, म्हणून घासणं बंद केलं' हे वाक्य इथल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. हा गैरसमज उलटवणं कठीण नाही, कारण रक्त हे रुग्णाला स्वतः दिसणारं मोजमाप आहे. हिरड्यांच्या आजारांचं 2017 चं वर्गीकरण प्रोब फिरवल्यावर 10 टक्के जागांतून रक्त येईल तिथे सुजेची रेषा आखतं. 28 दात, प्रत्येकी सहा जागा, म्हणजे 168. त्यातल्या 17 जागा. हा आकडा रुग्णाला सांगता येतो, कागदावर लिहून देता येतो, पुढच्या वेळी त्याच्यासमोर पुन्हा मोजता येतो. जिथून रक्त येतं तिथेच मऊ ब्रश टेकवा, आठवड्याभरात रक्त कमी होताना तुम्हालाच दिसेल, असं लोंच्या प्रयोगाच्या आधारावर आपण ठामपणे सांगू शकतो. धूम्रपान करणाऱ्याला मात्र सावध करायला हवं, कारण निकोटीनमुळे रक्त कमी दिसतं आणि आजार लपतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयांसमोर एक ठोस काम ठेवतो. चाचणी वर्षभराची असावी, सहा आठवड्यांची नको. मधुमेही आणि तंबाखू घेणारे आत असावेत, वेगळे नोंदलेले. गट तीन असावेत: एकात फक्त सफाई, दुसऱ्यात सफाई आणि एकदाच सल्ला, तिसऱ्यात तोच दहा-वीस रुपयांचा ब्रश हातात देऊन दर पंधरवड्याला आरशासमोर पुन्हा शिकवणं. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे माहीत नसावं. कंपन्या याला पैसे देणार नाहीत, कारण यात विकण्यासारखं काही नाही. पण खर्च मुख्यतः आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वेळेचा आहे, आणि प्रबंधासाठी तो वेळ त्यांना द्यावाच लागतो. चाचणीची नोंद भारताच्या चाचणी नोंदवहीत करावी लागते. तिथे नियंत्रण गटाला नेमकं काय दिलं हे लिहायची जागा असते. आपण त्या जागेत 'नेहमीच्या सूचना' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतो. या वर्षीपासून तिथे कोणी शिकवलं, किती मिनिटं, किती वेळा, आणि रुग्णाने करून दाखवलं का, हे पूर्ण वाक्यांत लिहायला लागूया.